एकभाव भांडाराच्या मागच्या दोन खोल्या

पुणे-मुंबई रस्ता रुंद झाला तेव्हा चिंचवडचं एकभाव भांडार पाडलं. तळेगावचं अजून उभं आहे. तिथे आता चपलांचं दुकान आहे, पण दर्शनी भिंतीवरची चुन्याची उठावाची अक्षरं कोणी काढलेली नाहीत. रंगाचे थर चढले तरी 'एकभाव' वाचता येतं. मंचरच्या इमारतीत पतपेढी आहे. चाकणच्या इमारतीची कांद्याची वखार झाली.

या सगळ्या दुकानांत मी पोती वाहिली. कुठे किती पायऱ्या होत्या, कुठे तुळई डोक्याला लागायची, हे माझे गुडघे आणि मान अजून सांगतील. म्हणून इमारतींबद्दल लिहायला मी चालेन. पण मला लिहायचं आहे ते ज्योतीरामबद्दल, आणि त्याच्याबद्दल लिहायचं तर इमारतीपासूनच सुरुवात करावी लागते.

भांडाराचं मुख्य दुकान पुण्यात, रविवार पेठेत. मालकांनी पन्नास सालानंतर शाखा काढल्या. आधी खडकी, मग देहूरोड, चिंचवड, तळेगाव, चाकण, मंचर. वाणसामान मुख्य, थोडं कापड, थोडी वह्या-पेन्सिली. घासाघीस नाही. पाटीवर जो भाव लिहिला तोच. हे तेव्हा कोणाला पटत नव्हतं. भाव न पाडता माल घेतला की आपण फसलो असं बायांना वाटायचं. त्या पाटीशीच भांडायच्या आणि मग निमूट माल न्यायच्या.

भांडाराचे नियम थोडे होते आणि कडक होते. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. नोकराचा खासगी माल दुकानाच्या जागेत ठेवायचा नाही. दुसऱ्या नियमाचं कारण सरळ होतं. नोकराचं गुळाचं ढेकूळ कुठलं आणि दुकानाचं कुठलं, हा प्रश्नच निघू नये. या नियमावरून देहूरोडच्या शाखेतला एक माणूस घरी गेलेला मी पाहिला आहे.

चिंचवडची पहिली शाखा गावात होती, एका शेतकऱ्याच्या भाड्याने घेतलेल्या जागेत. जोतं घडीव दगडाचं, पुढे ओटा, ओट्याच्या मागे तागडी. रात्री दुकान फळ्यांनी बंद व्हायचं. फळ्या खाचेतून एकेक सरकवायच्या, क्रम चुकला की शेवटची बसत नसे. पायऱ्या तीनच, पण त्या संपताच तुळई खाली आलेली. अडीच मणाचं पोतं पाठीवर घेऊन तिथे वाकावं लागायचं. वाकून चढलेली एक पायरी सरळ चढलेल्या तीन पायऱ्यांएवढी असते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मोजमाप म्हणून लिहितो.

मिठाचं पोतं मात्र आत न्यायचं नव्हतं. ते ओट्यावरच असायचं, दिवसा आणि रात्रीही. मिठाला पाणी सुटतं, आत ठेवलं तर बाकीचा माल ओला होतो. आणि मीठ कोणी चोरत नसे. दुकान बंद, गाव झोपलेलं, आणि ओट्यावर उघडं पोतं. मला त्यात कधी नवल वाटलं नाही. सगळीकडे तसंच होतं.

त्या ओट्यावर ज्योतीराम तागडी धरायचा.

तो भूमकडचा. बाप लहानपणी गेलेला. बार्शीच्या बाजारात धान्य चाळण्यापासून त्याने सुरुवात केली, मग तागडीवर बसला. तिथून शेंगांच्या लॉरीबरोबर पुण्यात आला आणि मुख्य दुकानात लागला. अंगाने सडपातळ. बोलणं कमी. गिऱ्हाइकाला माल देताना दांडी थरथरायची थांबेपर्यंत तो वाट बघायचा. दोन क्षण जास्त लागायचे, गर्दीत लोक कुरकुरायचे, पण तो हात लावून दांडी थांबवत नसे. ती आपोआप थांबली पाहिजे. मला हा माणूस पहिल्यापासून आवडला तो यामुळे. पोतं उतरवताना तो दुसऱ्या टोकाला हात लावायचा. ते त्याचं काम नव्हतं, आणि आपण हात लावला असं तो कधी बोललाही नाही.

चिंचवडला तो दुकानातच झोपायचा, डाळीच्या पोत्यांवर घोंगडं टाकून. ओट्याच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून भाकरी करायचा. लग्न झालेलं होतं. बायको शालन आणि आई रुक्मिणीबाई भूमला थोरल्या भावाच्या घरी. भावजय वाईट नव्हती, पण घर तिचं होतं. शालनला तिथे चुलीपुढे बसायला मिळायचं नाही. पाणी, शेण आणि शेत तिच्याकडे. आईने एकदा निरोप धाडला होता, मला कुठेही ने, पण तुझ्या घरी ने.

घरी नेणार कुठे? दुकानात बाईमाणसाने राहायचं नाही. भाड्याची खोली त्याच्या पगारात बसत नव्हती, कारण पेनिसिलिनचा कारखाना आला होता आणि पिंपरी-चिंचवडात खोल्यांचे भाव चढले होते. शेतकऱ्यांनी रानात पत्र्याच्या चाळी उभ्या केल्या होत्या आणि त्याही भरल्या होत्या. शालन एकदा येऊन गेली. आठवडाभर अंबूबाईच्या पडवीत राहिली आणि परत गेली. दुकानासमोरच्या निंबाखाली ती उभी आणि ज्योतीराम तागडीवर. गिऱ्हाइकांसमोर नवरा-बायकोने बोलायचं काय?

अंबूबाई म्हणजे आमच्याकडे धान्य निवडणारी बाई. रहाटणीची, शेतीवाल्या घरातली, विधवा. सुपात तांदूळ पाखडताना तिचं तोंडही चालायचं. ज्योतीरामला ती 'बार्शीवाल्या' म्हणायची. तो भूमचा आहे हे तिला चांगलं माहीत होतं.

छपन्न साली मालकांनी रस्त्यालगत जागा घेतली आणि स्वतःची इमारत बांधायला काढली. गावातली गिऱ्हाइकं होतीच, आता कारखान्याची हवी होती. नवी इमारत वेगळी होती. फळ्या नाहीत, लोखंडी शटर. ओटा नाही, पायरी एकच, लॉरी थेट दाराला लागायची. खाली सिमेंटचा कोबा. माझ्या पाठीला ती इमारत पहिल्या दिवसापासून मानवली. आणि मागे दोन खोल्या, मोरीसकट, वेगळ्या दाराच्या. शाखाप्रमुखाने कुटुंबासह राहावं म्हणून.

चिंचवडचे जुने शाखाप्रमुख त्याच वर्षी थकून पुण्याला घरी बसले होते. तेव्हापासून शाखा ज्योतीराम एकटाच बघत होता. नवीन माणूस आला नाही. त्यामुळे सगळ्यांनी धरून चाललं की ज्योतीरामच प्रमुख होणार. तो स्वतः काही बोलत नसे. पण संध्याकाळी दुकान बंद झालं की तो बांधकामावर जायचा आणि मागच्या दोन खोल्यांच्या भिंतींना पाणी मारायचा. गवंडी हसायचे. पुढच्या भिंतींना पण मार की, म्हणायचे. तो पुढच्या भिंतींनाही मारायचा. सगळ्या भिंतींना पाणी घालायला दीड-दोन तास लागतात, आणि बादली विहिरीवरून आणायची होती.

दुकान नव्या जागेत गेलं. मागच्या खोल्यांची किल्ली त्याच्याकडेच होती, पण खोल्या अजून कोणाच्या नावावर नव्हत्या. तो तिथे राहिला नाही. पुढे दुकानातच पोत्यांवर झोपत राहिला. फक्त एक गोष्ट त्याने केली, आणि तीही अंबूबाईच्या सांगण्यावरून. नव्या घरात माणसाच्या आधी मीठ जावं, असं ती म्हणाली. चांगला दिवस बघून ठेव, मग बायकोला आण. चाकणच्या बाजारातून त्याने चिनी मातीची बरणी आणली, मीठ भरलं आणि आतल्या खोलीच्या कोनाड्यात ठेवली. शेजारी हळदीची पुडी. मीठ त्याने विकत घेतलेलं होतं, पावती फाडून, स्वतःच्याच हाताने स्वतःला तोलून. दांडी थांबेपर्यंत वाट बघून, असं अंबूबाई सगळ्यांना सांगायची आणि हसायची.

नव्या जागेत एक अडचण निघाली. गावातल्या दुकानात कधी निघाली नव्हती.

दिवे लागल्यावर दुकानदाराने मीठ देऊ नये. सुई देऊ नये, पण सुईचं एवढं नाही. मीठ म्हणजे दुकानाची लक्ष्मी, तिन्हीसांजेला ती दाराबाहेर गेली की परत येत नाही. हे गावात कोणाला सांगावं लागत नसे. ज्योतीराम लक्ष्मीच्या तसबिरीपुढे दिवा लावून हात जोडायचा, तेवढ्यापुरतं समोरचं गिऱ्हाईकही गप्प राहायचं, आणि त्यानंतर मीठ कोणी मागत नसे. पण रस्त्यावर आल्यावर गिऱ्हाईक बदललं. कारखान्याची माणसं पाळीवरून सुटून अंधार पडताना यायची. हिवाळ्यात तर सगळी खरेदी दिवे लागल्यावरच. त्यांनाही रीत ठाऊक होती, पण घरात नसलं की माणूस विचारतोच. ज्योतीराम नाही म्हणायचा. काही समजायचे. काही म्हणायचे, मोठं एकभाव, आणि मीठ मिळत नाही. ही कुरकुर पुण्याला पोचली.

डिसेंबरात सोपानराव आले. भांडाराचे तपासनीस. मूळचे जुन्नरचे, जाड अंगाचे, स्वतः पंधरा वर्षं तागडीवर काढलेले. कापडी पिशवीत स्वतःची वजनं घेऊन फिरायचे आणि आल्याबरोबर आधी तागडी तपासायचे. ते न सांगता यायचे. त्या दिवशी ते आमच्या लॉरीतूनच आले, पुढे ड्रायव्हरशेजारी बसून. मागे पोत्यांवर मी.

लॉरीला दापोडीला उशीर झाला होता. आम्ही पोचलो तेव्हा ज्योतीरामने नुकताच दिवा लावला होता. सोपानराव आत जाऊन तागडीपाशी उभे राहिले. मी पोती उतरवायला लागलो. अंबूबाई निवडलेले तांदूळ पोत्यात भरून घरी निघायच्या बेतात होती.

तेवढ्यात एक तरुण बाई आली. पुढे तिचं नाव कळलं, विमलबाई. राजापूरकडची. नवरा कारखान्यात लागलेला, पत्र्याच्या चाळीत त्यांना त्याच दिवशी खोली मिळालेली. पदराखाली वाटी होती. तिने तांदूळ घेतले, डाळ घेतली, मिरची, हळद, रॉकेल. सगळं झालं तरी ती हलेना. ज्योतीरामने आणखी काय म्हणून विचारलं. ती इतक्या हळू बोलली की मला आधी ऐकूच आलं नाही.

"मीठ होवा हुता."

ज्योतीराम म्हणाला, सकाळी उजाडल्याबरोबर देतो, दुकान उघडायच्या आधी आलात तरी देतो. तिने मान हलवली. मग म्हणाली, "माका पण ठावक आसा हो, दिवो लागल्यार मागू नये ता. शेजारणीकडे गेलंय, तिना दार लावल्यान. आज पयलीच चूल पेटली आमची. ते पाळीवरसून येतले. पयलाच जेवाण, अळणी कसा वाढू?"

अंबूबाईने बोचकं खाली ठेवलं. "आगं बाई, तुझं खरं हाय. पर दिवं लागलं. दुकानाला बट्टा लागंल. गावात कळलं तर एक माणूस चढायचं न्हाई हितं."

ती वाटी धरून तिथेच उभी राहिली.

सोपानराव मागून म्हणाले, "ज्योतीराम, भांडाराचा नियम काय आहे?"

"गिऱ्हाईक रिकामं जाऊ नये."

"मग?"

ज्योतीरामने मिठाच्या पोत्यातलं माप उचललं. ते पोतं आता आतच, शटरच्या कडेला असायचं. त्याने माप भरलं नाही. ते सोपानरावांपुढे धरलं.

"सायब, तुमच्या हातानं घाला."

सोपानरावांनी मापाकडे पाहिलं. मग तसबिरीपुढच्या दिव्याकडे. हात त्यांनी पाठीमागेच ठेवले.

"मी तपासायला आलोय," ते म्हणाले. "विकायला नाही."

माझ्या पाठीवर तुरीच्या डाळीचं पोतं होतं. पोतं पाठीवर असताना हसायचं नसतं, कंबर जाते. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

ज्योतीरामने माप परत पोत्यात ठेवलं. मग तो मागच्या दाराने गेला. खोलीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा उजव्या हाताची मूठ बंद होती. त्याने ती विमलबाईच्या वाटीवर उघडली. मीठ होतं. वाटी भरली नाही म्हणून तो पुन्हा गेला आणि दुसरी मूठ आणली.

अंबूबाईला समजायला क्षणभर लागला. मग तिने कपाळाला हात लावला. "आरं बार्शीवाल्या, ते तुज्या घरचं. तुजं घर आजून मांडायचं हाय."

"दुकानाचं नाही दिलं," ज्योतीराम म्हणाला.

विमलबाईने पैसे पुढे केले. त्याने घेतले नाहीत. तिला काय घडलं ते सगळं उमगलं की नाही, माहीत नाही. थोडं उमगलं असावं. तिने वाटी पदराखाली घेतली आणि पाठ न वळवता दोन पावलं मागे सरकली, देवळातून निघतात तशी. मग ती गेली.

मी पोतं उतरवलं. सोपानराव मागच्या खोलीत गेले. त्यांनी बरणी पाहिली, हळदीची पुडी पाहिली. खोली झाडलेली होती. बाकी काही नव्हतं. ते परत आले आणि गुळाच्या ढेपेवर बसले. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "खासगी माल जागेत."

"व्हय."

"गिऱ्हाइकाला स्वतःचा माल दिलास. दुकानात उभं राहून."

"व्हय."

"मालकांनी मला काय सांगून धाडलं होतं ठाऊक आहे? सगळं ठीक असेल तर ज्योतीरामलाच प्रमुख करून ये. सांगून ये, उद्यापासून मागच्या खोल्या तुझ्या."

ज्योतीराम उभाच होता. त्याने तागडीच्या रिकाम्या पारड्याला हात लावला आणि काढला.

"आता हे मी मालकांना न सांगता कसं राहू," सोपानराव म्हणाले. "अंबूबाई सांगेल. तो हमाल सांगेल."

मी सांगितलं की मी सांगणार नाही. अंबूबाई म्हणाली की ती सांगणार, सगळ्या गावाला सांगणार, या पोराने दुकानाची लक्ष्मी राखली म्हणून. सोपानराव म्हणाले, तेच तर म्हणतोय.

मग त्यांनी विचारलं, "तुला द्यायचंच होतं तर दुकानाचं द्यायचं. मी समोर होतो. जबाबदारी माझ्यावर आली असती. स्वतःचं का दिलंस?"

ज्योतीरामने यावर बराच वेळ घेतला. तागडीला जितका द्यायचा तितका.

"दुकान मालकांचं हाय. त्यांची लक्ष्मी मी कशी घालवू?" तो म्हणाला. "माझं काय. माझं अजून घरच नाही. जायचं म्हणलं तर जाणार कुठून?"

सोपानराव उठले. त्या दिवशी त्यांनी तागडी तपासली नाही. पिशवीतली वजनं पिशवीतच राहिली.

परतताना मी पुढे बसलो, कारण लॉरी रिकामी होती आणि थंडी होती. कासारवाडीपाशी सोपानराव म्हणाले, आमच्या वडिलांचं जुन्नरला दुकान होतं. दुष्काळात एक म्हातारी रोज संध्याकाळी मिठाला यायची, रोज वडील तिला सकाळी ये म्हणायचे. एवढंच. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खडकी आली तेव्हा त्यांनी मला विचारलं, ज्योतीरामच्या घरी कोण कोण असतं? मी सांगितलं, आई आणि बायको. कुठे? भूमला, भावाकडे. ते म्हणाले, बरं.

त्यानंतर ज्योतीराम खचला. काम तसंच होतं, दांडी तशीच थांबायची. पण मागच्या खोलीत तो जाईनासा झाला. किल्ली त्याने दुकानाच्या खिळ्याला अडकवली. अंबूबाई म्हणायची, आरं बरणी पुन्हा भर. तो म्हणायचा, आता काय करायचंय. नियम मोडला म्हणून त्याला जेवढं लागलं होतं, त्याहून जास्त हे लागलं होतं की शालनच्या घरचं मीठ त्याने तिन्हीसांजेला आपल्या हाताने बाहेर घातलं. हे तो मला एकदाच बोलला, गव्हाची पोती रचताना, माझ्याकडे न बघता. मी माझ्या टोकाला जरा जास्त जोर लावला, म्हणजे त्याच्याकडे ओझं कमी गेलं. मला तेवढंच करता येत होतं.

प्रमुखाची जागा दोघांपैकी एकाला मिळणार असं लॉरीवर कळलं. एक मंचरच्या शाखेतला, बायको, चार मुलं आणि सासू असलेला. तो हुशार होता आणि त्याला घराची गरज होती. दुसरा खडकीचा हिंदुराव. हिंदुराव कामाला ठीक होता, ठीकपेक्षा जास्त नाही. खडकीला त्याचं वडिलोपार्जित घर होतं. मंचरवालाच येणार असं सगळे म्हणत होते. मी ज्योतीरामला हे सांगितलं नाही.

जानेवारीत सोपानराव पुन्हा आले, आणि त्यांच्याबरोबर हिंदुराव. हिंदुरावने सायकल लॉरीत टाकून आणली होती. सोपानरावांनी ज्योतीरामला समोर बोलावून सांगितलं की मालकांचा निर्णय झाला आहे, आजपासून हिंदुराव शाखाप्रमुख. ज्योतीरामने मान हलवली आणि खिळ्यावरच्या किल्ल्या आणून दिल्या. दोन शटरच्या, एक मागची.

हिंदुरावने मागची किल्ली बाजूला काढली. तो मोकळा माणूस होता, जरा वात्रटही. म्हणाला, "ही घेऊन मी काय करू राव? मी संध्याकाळी सायकल मारणार आणि आईच्या हातचं जेवणार. इथं डास चावून घ्यायला राहू होय?"

"पण इमारत मोकळी सोडता येणार नाही," सोपानराव म्हणाले. "आत एवढा माल. मालकांशी बोललोय मी. राहता माणूस पाहिजे, आणि एकटा नको, कुटुंबवाला पाहिजे. एकटा माणूस संध्याकाळचा कुठेही जातो." मग ज्योतीरामकडे न बघता, हिंदुरावच्या सायकलकडे बघत, ते म्हणाले, "कोण आहे असा तुमच्या शाखेत?"

शाखेत हिंदुराव सोडला तर एकच माणूस होता.

अंबूबाईचं सूप थांबलं. "आरं घे की किल्ली," ती म्हणाली. "का आता तीबी कुणाला देऊन टाकतूस?"

ज्योतीरामने किल्ली घेतली. सोपानराव त्याला म्हणाले, पगार वाढणार नाही, प्रमुख तू होणार नाहीस, या दुकानात तरी नाही. नियम तू मोडला आहेस आणि ते मालकांना मी सांगितलं आहे. ज्योतीराम म्हणाला, व्हय. मग सोपानरावांनी पिशवीतून वजनं काढली आणि तागडी तपासली. तागडी बरोबर होती. त्यांनी तसं सांगितलंही नाही.

ज्योतीराम खरंच कधी प्रमुख झाला नाही. हिंदुराव गेला, दुसरे दोघे आले आणि गेले. मालकांनी सत्तर सालच्या सुमारास शाखा विकल्या तोपर्यंत तो तागडीवरच होता. त्याला याचं दुःख होतं का? होतं. मी त्याला ओळखत होतो, दुःख नव्हतं असं मी लिहिणार नाही. त्याच्यापेक्षा कमी काम करणारे लोक त्याला हुकूम सोडत होते आणि तो ते ऐकत होता.

मिठाचं एवढं सांगतो. हिंदुरावने दिवे लागायच्या आधी पुड्या बांधून शेजारच्या पानवाल्याच्या ठेल्यावर ठेवायला सुरुवात केली. पानवाला मुसलमान होता, त्याला या रितीची अडचण नव्हती. पुढे देहूरोडची इमारत नव्याने बांधली तेव्हा शटरच्या बाहेर मिठासाठी दगडी कट्टा ठेवला. चाकणलाही ठेवला. वखारवाल्याने तो अजून काढलेला नाही.

शालन आणि रुक्मिणीबाई फेब्रुवारीत आल्या. ज्योतीराम भूमला जाऊन त्यांना घेऊन आला. मी त्या दिवशी चिंचवडलाच माल उतरवत होतो. एसटी रस्त्यावर थांबली. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक जातं आणि बोचकी. जातं मी उचललं. दोन्ही दगड एकदम, एका खेपेत. ज्योतीराम नको म्हणत होता.

म्हातारी इमारतीसमोर उभी राहून वर बघत होती. अक्षरं तिला वाचता येत नव्हती. तिने विचारलं, "हे समदं कुणाचं?"

"मालकांचं."

"अन् आपलं?"

ज्योतीराम तिला बाजूच्या बोळातून मागे घेऊन गेला. मी जातं घेऊन त्यांच्या मागे. त्याने दार उघडलं. शालन आत गेली नाही, सासू आधी जावी म्हणून थांबली. म्हातारीने उंबऱ्यावरून दोन्ही खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, भिंतीला तळहात लावून पाहिला. मग दुकानाकडे उघडणारं मधलं दार तिला दिसलं. पलीकडे हिंदुरावचा आणि गिऱ्हाइकांचा आवाज येत होता.

"ह्या दाराला कडी हाय का?"

"हाय की."

"आपल्या बाजूनं?"

"व्हय माय. आपल्या बाजूनं."

तिने सुनेकडे पाहिलं. शालन आत गेली, मधल्या दारापाशी पोचली आणि तिने कडी लावली. लावून ओढून पाहिली. मग तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि मला विचारलं, भाऊ, जातं कुठं मांडायचं?

मी म्हणालो, तुम्ही सांगाल तिथं.